साधी गाठ

पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी डंडीत पोस्टानं
एक पाकीट येतं. आत काडी, नळकांडं
आणि संडासात काय करायचं त्याची चित्रं.
दोनदा मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं, बॉबिनींच्या शेजारी.
तिसऱ्यांदा लाज वाटली, पाठवलं.

म्हणून आज मिस गेडिससमोर बसलेय.
(सर्जनला इथे डॉक्टर म्हणत नाहीत. का ते
एकतीस वर्षांत कुणी नीट सांगितलेलं नाही.)
माझ्याच पत्राच्या पाठीवर बॉलपेननं
त्यांनी माझं मोठं आतडं काढलं:
चुण्या, चुण्या, आणि एका चुणीमागे
चपटं, चार सेंटिमीटरचं काहीतरी.
मृण्मयीनं फोनवर त्याचं मराठी केलं होतं,
"आई, साधी गाठ आहे."
साधी गाठ तर मी रोज मारते,
बोट ओलं करून, दोऱ्याच्या टोकाला.

काढायच्या तीन वाटा, त्या म्हणाल्या.

एक आतून. नळीतून सुई जाते,
अस्तराखाली निळं पाणी सोडते,
अस्तर कापडापासून सुटून फुगतं,
मग तारेचा फास, आणि तुकडे तुकडे.
दुपारच्या चहाला घरी.
पण कुठे कड राहून गेली तर
पाचांत एखादीला ते पुन्हा उगवतं.
सहा महिन्यांनी परत आत डोकावायचं.

दुसरी आतूनच, पण अख्खं.
इवल्या सुरीनं कडेकडेनं सोलत जायचं,
तीन तास, आणि तेही एडिंबरात.
भिंत ओल्या टिश्यूपेपरसारखी,
उजव्या अंगाला तर आणखी पातळ.
भोक पडलं तर?
"बहुतेकदा आतूनच चाप लावतो."
बहुतेकदा.

तिसरी पोटातून. काजांएवढी चार भोकं,
गॅस भरून पोटाचा तंबू करायचा,
वीतभर आतडं काढून टाकायचं, टोकं जोडायची.
त्या जागी परत उगवायचा प्रश्नच नाही.
चार दिवस वॉर्ड. जोड क्वचित गळतो.
"जे कॅन्सर नाही, त्याच्यासाठी जरा मोठं होतं हे."

मागच्या महिन्यात हिलटाउनच्या दुकानात
मिस्टर ऑगिल्वी आजोबांचा किल्ट घेऊन आले.
कसरीनं खाल्लेलं, नखाएवढं.
म्हणाले, ती चुणीच कापून टाका.
मी म्हटलं, कात्री शेवटी. आधी रफू.
दुसऱ्याच्या कापडाला मी नेहमी असंच सांगते.
स्वतःच्या पोटाचं ऐकल्यावर मात्र
पहिल्यांदा मनात आलं ते हेच,
कापा एकदाचं.

"तुम्ही असता तर?"
पेन खाली ठेवलं त्यांनी.
हे उत्तर द्यायची मुभा नसावी.
मग म्हणाल्या, अजून एक आहे, फारसं कुणी करत नाही:
आतून कॅमेरा, आणि त्याच वेळी पोटातून
कुणीतरी भिंत आत ढकलून धरायची,
म्हणजे चुणीमागचं समोर येतं.
मी म्हटलं, हेम घालताना माझा डावा हात
कापडाखाली असतो. तो नसला तर सुई आंधळी.
त्या हसल्या नाहीत.
चित्राखाली एक हात काढला,
पाच बोटं, कशीबशी.

उठताना विचारलं, काढल्यावर त्याचं काय करता?
"अख्खं निघालं तर बुचावर पसरून टाचण्या लावतो,
चहूबाजूंनी, आकसू नये म्हणून. मग कडा तपासतात."
कसल्या टाचण्या?
हे त्यांना कधी कुणी विचारलं नसावं.
"साध्याच," म्हणाल्या.

बस टेच्या काठानं चालली आहे. ओहोटी,
चिखलात पक्षी टोचे मारतायत.
मांडीवर ते पत्र, उलटं.
गुरुवारपर्यंत कळवायचंय.
साध्या टाचण्या ओलाव्यानं गंजतात.
त्याला स्टीलच्या लागतात, काचेच्या टोपीच्या.
माझ्याकडे एक अख्खी डबी आहे.